गॉन देवळाली

माझं इंग्रजी चांगलं आहे. हे स्वतःच्या तोंडाने सांगायची वेळ यायला नको होती, पण गेल्या मे महिन्यापासून आमच्या नातेवाइकांत जी कुजबुज चालू आहे ती ऐकून सांगावंच लागतंय. कळमेश्वरच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज परदेशात साहेबांशी तोंड उघडून बोलतात, ती काही आकाशातून शिकून आली नाहीत. त्यामुळे "जयवंता आत्यानं फोनवर भलतंच ऐकलं अन् लग्न मोडायची पाळी आणली," असं जे जे कोणी म्हणतात, त्यांनी आधी हे सगळं वाचावं आणि मग खुशाल बोलावं.

लग्न दीक्षाचं. दीक्षा म्हणजे माझी भाची, माझ्या थोरल्या भावाची, लहानूदादाची, एकुलती एक पोरगी. दादा खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला होता. दीक्षा कॉलेजात असताना तो गेला, आणि इंदूवहिनी पोरीला घेऊन नागपुरात प्रताप नगरला आमच्या शेजारी राहायला आली. जावई शोधायचं काम मी अंगावर घेतलं. आमच्या घरात कामं मीच अंगावर घेते आणि नंतर बोलणीही मीच खाते. शोधता शोधता मला रोशन सापडला. नागपुरातल्याच इंदोऱ्याचा पोरगा, इंग्लंडात लीड्स नावाच्या गावी नोकरीला, स्वभावाने सरळ, आणि मोठी माणसं बोलत असताना मोबाइल खिशात ठेवणारा. साखरपुडा झाला, रोशन परत गेला, आणि मग सुट्टी, व्हिसा, कागदपत्रं असं करता करता दोन उन्हाळे निघून गेले. दोघं फोनवर बोलत राहिली आणि दीक्षा वाट पाहत राहिली.

या सगळ्यात एकच काटा होता, देवळालीचं स्थळ. आमच्याआधी रोशनला देवळाली कॅम्पची नंदिनी नावाची मुलगी दाखवली होती. वडील लष्करात, मुलगी उंच, गोरी, वर गाणारी. ती बोलणी का फिसकटली हे कोणी धड सांगत नव्हतं. रोशनची आई यमुताई मात्र दर भेटीत एकदा तरी सुस्कारा सोडून म्हणायची, "देवळालीची पोरगी बाकी चांगली होती, हो." मुलीकडच्यांनी असलं गिळायचं असतं, म्हणून मी गिळलं. दीक्षानेही गिळलं, पण एकदा भाजी निवडताना मला हळूच म्हणाली, "आत्या, तो कधी तिकडं गेलाच, तर मले सांगशील ना वं?"

"भैताड आहे काय तू?" मी म्हटलं.

आमच्याकडे ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला भैताड म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लग्नाच्या आठवड्यात माझं डोकं आधीच तापलेलं होतं, कारण दादाची लूना चोरीला गेली होती. ती जुनी फटफटी वहिनीच्या पोर्चमध्ये गोणपाटाखाली उभी असायची. चालत नव्हती, पण होती. दादाचं लग्न झालं तेव्हा वहिनीला तो त्याच लूनावरून घरी घेऊन आला होता. त्या दिवशी मंडपासमोर ती काही केल्या सुरू होईना. नवरदेव नव्या बुटांनी पायडल मारून घामाघूम झाला. मी तेव्हा बी.एड. करत होते. साडी खोचली आणि मागून ढकलत धावले. लूना एकदाची फटफटली, तरी माझे हात काही कॅरिअर सोडेनात. दादा वळून ओरडला, "जयवंते, सुरू झाली वं! सोड आता!" ही गोष्ट दीक्षाने दादाकडून इतक्यांदा ऐकली होती की लहानपणी ती म्हणायची, मी पण लग्न झाल्यावर लूनावरूनच जाईन. आणि नेमकी तीच लूना लग्नाच्या तोंडावर गायब! मी गल्लीत येणाऱ्या प्रत्येक भंगारवाल्याशी भांडले. वहिनी नुसती म्हणाली, "जाऊ दे ना वं, येईल कुठून तरी." लूना काय मांजर आहे, येईल कुठून तरी?

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मेंदी होती. नागपूरचा मे महिना, बाहेर कावळासुद्धा उडत नव्हता. घरात कूलर आणि ढोलकी दोन्ही सारख्याच जोराने वाजत होते. दीक्षाच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी लागलेली, आणि तिचा फोन वाजला. पडद्यावर रोशनचं नाव.

"आत्या, उचल ना वं!" दोन्ही हात वर धरून दीक्षा म्हणाली. मी उचलला.

पलीकडे रोशन नव्हता, त्याचा इंग्रज दोस्त कॉलिन होता. हा कॉलिन लग्नासाठी लीड्सहून आलेला, दाराच्या चौकटीएवढा उंच, आणि पहिल्याच दिवशी तर्री-पोहे खाऊन ढसाढसा रडलेला. रोशनच्या फोनवरून तो ओरडत होता. मागे काहीतरी फटफटत होतं आणि बायकांचा गलका चालला होता.

"मॅम! रोशन हॅज गॉन देवळाली!"

मी जे ऐकलं तेच लिहिलंय. काना, मात्रा, वेलांटी काही बदललेलं नाही.

"गॉन व्हेअर?" मी ओरडले.

"देवळाली, मॅम! टोटली देवळाली! सिन्स मॉर्निंग!" आणि तो हसला. मग फोन कट झाला.

 फोन तसाच मुठीत धरून मी स्वयंपाकघरात गेले. इंदूवहिनी उद्याच्या पानसुपारीची ताटं लावत बसली होती.

"वहिनी, पोट्टा देवळालीले पळाला."

"नाही वं. तो कायले जाते देवळालीले?"

"मी माह्या कानानं ऐकलं. इंग्रजीत ऐकलं."

"मंग ऐकण्यात काही चुकलं असन."

"इंग्रजी कोणाले समजते वहिनी, तुले का मले?"

वहिनी पुन्हा ताटं लावायला लागली, पण तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पोरीचं लग्न मोडायला आलंय आणि हिला हसू येतंय! मी तडक अंगणात गेले, घसा साफ केला, आणि शाळा तपासायला साहेब आला की जे इंग्रजी बोलायची ते ठेवणीतलं इंग्रजी काढून रोशनचा नंबर लावला. पुन्हा कॉलिनच.

"व्हेन," मी म्हटलं, "विल ही रिटर्न फ्रॉम देवळाली?"

कॉलिन इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "फ्रॉम देवळाली? मॅम, आय डोंट थिंक ही इज एव्हर कमिंग बॅक!"

"व्हाय हॅज ही गॉन?"

"लव्ह, मॅम! व्हॉट एल्स?"

मी नेट धरला. "इज शी बिहाइंड धिस?"

"ऑफ कोर्स! शी इज द होल रीझन!"

"अँड यू? आर यू ऑल्सो इन देवळाली?"

"ऑलमोस्ट, मॅम!" तो म्हणाला. "ऑलमोस्ट!"

म्हणजे हा नाशिक रोडपर्यंत पोचला असावा. मागचा गलका स्टेशनवरचा असणार. आता मला सांगा, पाच सरळ प्रश्न आणि पाच सरळ उत्तरं. यात कुठल्या शहाण्याने वेगळं काही ऐकलं असतं? तरी खात्री करायची म्हणून मी यमुताईला फोन लावला. "रोशन ना? सकाळीच बॅग घेऊन गेला वं," ती म्हणाली. "कुठी चालला विचारलं तर नुसता हसला."

बॅग घेऊन! मी मागे वळले तर दाराच्या चौकटीत दीक्षा उभी होती. दोन्ही हात तसेच वर. ढोलकी थांबली होती, म्हणजे बातमी माझ्याआधी खोलीत पोचली होती.

"आत्या, गाडी काढाले सांग."

"कुठी जाऊन राहिली?"

"देवळालीले."

"अवं, सहाशे किलोमीटर आहे ते! उद्या लग्न आहे तुह्यं!"

"आहे का, तेच विचाराले चालली," दीक्षा म्हणाली. "मी रडणार नाही. एकच विचारीन, अन् वापस येईन." पण तिचं नाक वाहत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी पदराने तिचं नाक पुसलं. लहानपणी पुसायचे तसंच. दादा दवाखान्यात होता तेव्हा मी त्याला म्हटलं होतं की पोरीला चांगलं घर पाहून देईन. माझ्यावर सोड, म्हटलं होतं. त्या अंगणात उभं राहून मला स्वतःचा इतका राग आला की त्या क्षणी रोशन समोर असता तर त्याची धडगत नव्हती.

माझा मुलगा प्रीतम गाडी काढायला गेला. वहिनी त्याच्या मागे धावली आणि खिडकीतून त्याच्या कानात काहीतरी कुजबुजली. मला वाटलं, पेट्रोल भरून घे म्हणत असेल.

निघालो. मी पुढे, दीक्षा मागे, दोन्ही हात वर, कोणीतरी बंदूक रोखल्यासारखे. समृद्धी महामार्ग आमच्याकडून दक्षिणेला सुरू होतो, हे नागपुरातलं शेंबडं पोरही सांगेल. प्रीतमने गाडी उत्तरेला वळवली.

"समृद्धी तिकडं आहे."

"शॉर्टकट आहे, आई."

मी देवळालीत पोचल्यावर करायचं भाषण मनात रचत होते. नंदिनीच्या बापासमोर ते मराठीत करावं की इंग्रजीत, एवढाच प्रश्न होता. लष्करातला माणूस, म्हणजे इंग्रजी चालेल. सुरुवात 'सर, विथ ड्यू रिस्पेक्ट' अशी करायची आणि शेवट रिस्पेक्टशिवाय. भाषण दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आलं तोवर मानकापूर मागे पडलं होतं, आणि तिसऱ्यात शिरले तर समोर कोराडीच्या वीज केंद्राच्या धूर सोडणाऱ्या चिमण्या.

"प्रीतम, या तर कोराडीच्या चिमण्या!"

"दिसतात तशा, आई."

"देवळालीच्या रस्त्यात कोराडी कधीपासून याले लागली?"

"आई, तू इंग्रजी पाहा, मी रस्ता पाहतो," असं म्हणून त्या कार्ट्याने गाडी आणखी पुढे रेटली. मागून दीक्षा एकदाच बोलली. म्हणाली, "आत्या, हात खाजवून राहिला." मी पुढच्या सीटवरून वळून तिचं कोपर खाजवत राहिले, आणि तेवढ्यात गाडी थांबली.

खापरखेड्याची कॉलनी होती. दादाचं जुनं क्वार्टर, समोर मैदान, मैदानाच्या कडेला कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली अर्ध्या कॉलनीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मैदानात धूळ उडत होती. आणि त्या धुळीतून आवाज आला, फट्-फट्-फट्-फट्.

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. आमची लूना होती. तिच्यावर रोशन बसला होता, डोक्यावर हेल्मेट, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या (बॅग त्यासाठी होती तर!), पाय बाहेर फेकलेले. मागून तो दाराएवढा कॉलिन कॅरिअरला हात लावून धावत होता आणि एकीकडे ओरडत होता तेच, तोच शब्द! माझ्या मनात पाल चुकचुकली, पण दीक्षा तोवर गाडीतून उतरून मैदानाच्या कडेला पोचली होती.

"रोशन! थांब!"

"नाही थांबू शकत!" रोशन तिच्यासमोरून फटफटत गेला. मैदानाला वळसा घालून पुन्हा आला. "बंद केली तर सुरूच नाही होत!" आणि पुन्हा गेला.

मग जे भांडण झालं तसं भांडण मी जन्मात पाहिलं नाही. एक प्रश्न झाला की उत्तरासाठी रोशन वळसा घालून येईपर्यंत ताटकळायचं.

"तू देवळालीले गेलता काय?"

"कुठी?" गेला.

आला. "देवळालीले!"

"काहून?" गेला.

आला. "नंदिनीसाठी!"

"कोणती नंदिनी?" गेला, आणि पलीकडच्या टोकाला बहुधा आठवलं, कारण तिथूनच ओरडत आला, "अवं, तिचं तर लग्न झालं! पोरगा आहे तिले!"

"मंग हे काय करून राहिला?"

"लूना शिकून राहिलो!" गेला.

सगळी कॉलनी माना डावीकडून उजवीकडे फिरवत होती. पुढच्या वळशाला रोशन जरा हळू झाला आणि त्याने जे सांगितलं ते त्याला तीन खेपांत सांगावं लागलं. पहिल्या खेपेला, "तूच म्हणे ना फोनवर." दुसऱ्या खेपेला, "बाबा आईले लूनावर घेऊन गेले होते." तिसऱ्या खेपेला त्याचा आवाज बसला होता. "तर मी पण तुले घेऊन जाईन म्हटलं. पण मले चालवताच येत नाही ना गाडी!"

 दीक्षा सरळ मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, मेंदीचे दोन्ही हात पसरून. रोशनने तिला चुकवायला हँडल वळवलं आणि लूनासकट वाळूच्या ढिगात शिरला. फटफट बंद झाली. "पाडली ना वं बंद!" एक बाई हळहळली. "सकाळपासून पायडल मारून मारून सुरू केली होती लेकरानं."

रोशन वाळूतून उठला. दीक्षा त्याच्याजवळ गेली, आणि मला वाटलं आता गळ्यात पडते. तिने दोन्ही हातांनी त्याच्या पाठीत असा दणका घातला की कडुनिंबापर्यंत आवाज आला. "भैताड!" ती म्हणाली, आणि मग रडली. रडणार नाही म्हणून आलेली पोरगी हसत हसत रडली. रोशनच्या पांढऱ्या शर्टावर पाठीला दोन पंजे उमटले, बोटं न् बोटं मोजावी असे.

मी कॉलिनकडे वळले. "यू टोल्ड मी," मी म्हटलं, "दॅट ही हॅज गॉन देवळाली."

"यस, मॅम. डूलाली." त्याने कपाळाशी बोट नेऊन टकटक केलं. "डूलाली टॅप. वेडा झाला. लूनाचं नाव काढायचं नाही, अशी त्याने शपथ घातली होती. पण हा हातपाय मोडून घेईल अशी मला भीती वाटली, म्हणून दीक्षाने याला थांबवावं यासाठी फोन केला." हे सगळं तो इंग्रजीत बोलला. मला अक्षर न् अक्षर समजलं, याची नोंद घ्यावी.

"वेडा झाला, याला तुम्ही देवळाली कायले म्हणता?" मी मराठीतच ओरडले. "देवळाली गाव आहे आमचं! नाशिकजवळ!"

प्रीतमने भाषांतर केलं. कॉलिनला खरं वाटेना. म्हणाला, माझी आजी नेहमी म्हणते, हा गेला डूलाली, ती गेली डूलाली, तो नुसता एक गमतीचा शब्द आहे. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, शब्दकोश उघडला, वाचायला लागला, आणि वाचता वाचता त्याचं तोंड उघडंच राहिलं.

इंग्रजांच्या राज्यात देवळालीला गोऱ्या शिपायांची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई तिथे येऊन पडायचे आणि मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहायचे. जहाज लवकर यायचं नाही. काम नाही, धंदा नाही, ऊन, माशा, ताप. महिनोन् महिने वाट पाहून एकेकाचं डोकं फिरायचं. मग बाकीचे म्हणायचे, याला देवळाली ताप चढला. ते शिपाई घरी गेले तेव्हा शब्द बरोबर घेऊन गेले. जिभेला ळ जमेना, म्हणून देवळालीची डूलाली झाली. आणि तापाचा झाला टॅप. कॉलिनच्या आजीला वाटायचं, टॅप म्हणजे डोक्यावर मारायची टिचकी.

"टॅप नव्हे!" मी गरजले. "ताप! फीव्हर! आमचा ताप!"

"ताप," कॉलिन आज्ञाधारकपणे म्हणाला.

"म्हणजे मी बरोबरच ऐकलं," मी कॉलनीला, प्रीतमला, कडुनिंबाला आणि एकूणच सर्वांना सांगितलं. "फोनवर मी देवळाली ऐकलं आणि तो शब्द देवळालीच निघाला. चुकीचं ऐकलं ते इंग्रजांनी, अन् शंभर वर्षांवर झाली तरी दुरुस्त केलं नाही. माझ्या वर्गात असते तर प्रत्येकाकडून शंभरदा लिहून घेतलं असतं!" आणि पाहा, देवळालीचं हवापाणी किती चांगलं, लोक तिथे तब्येत सुधारायला जातात. तिथे त्यांची ही गत झाली. मे महिन्यात नागपूरला ठेवले असते तर अख्खी पलटण भैताडली असती.

"बायटॅड?" कॉलिन दचकून म्हणाला. त्याला ती शिवी वाटली असावी, कारण त्याचे कान लाल झाले. मी त्याला अर्थ समजावून दिला. त्याला तो शब्द इतका आवडला की संध्याकाळपर्यंत तो स्वतःला, रोशनला, लूनाला आणि रस्त्यावरच्या दोन म्हशींना बायटॅड म्हणत होता. नेऊ दे लीड्सला. आणखी शंभर वर्षांनी कोणीतरी तिकडे शब्दकोश उघडेल आणि त्यात आमचं नाव निघेल.

सगळे हसत होते, पण दीक्षा वाळूच्या ढिगावर रोशनशेजारी बसून विचारात पडली होती. "आत्या," ती म्हणाली, "म्हणजे ते काही खरेखुरे वेडे नव्हते वं. घरी जायची वाट पाहून राहिले होते फक्त."

"हो," मी म्हटलं.

"मंग मी पण दोन वर्षं देवळालीतच होती," ती म्हणाली. रोशनने तिच्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. 

घरी आल्यावर मी वहिनीला फैलावर घेतलं. लूना तिनेच दुरुस्त करवून रोशनला दिली होती, जुन्या कॉलनीत मैदान आहे हे तिनेच सुचवलं होतं, आणि प्रीतमच्या कानात खापरखेड्याला ने म्हणून तिनेच सांगितलं होतं. "मंग मले काहून नाही सांगतलं?" मी म्हटलं.

"त्यानं मले वचन मागतलं होतं. अन् सांगतलं तर होतं तुले, ऐकण्यात चुकलं असन म्हणून," वहिनी पान दुमडत म्हणाली. "पण इंग्रजी तुले समजते ना वं."

दुसऱ्या दिवशी विहारात लग्न लागलं. पांढऱ्या साडीत दीक्षा अशी दिसत होती की यमुताईनेही सुस्कारा सोडला नाही. त्रिशरण, पंचशील झालं, हारतुरे झाले, फुलं पडली. दीक्षाच्या तळहातांवरची मेंदी मात्र पुसट होती. बायका विचारायच्या आणि ती नुसती हसायची. निघायची वेळ झाली तेव्हा बाहेर लूना उभी होती, धुऊनपुसून, हँडलला झेंडूची माळ. वहिनी तिच्या सीटवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. कोणी तिला घाई केली नाही.

रोशनने पायडल मारलं. लूना सुरू झाली नाही. पुन्हा मारलं. घाम फुटला तेव्हा त्याने कोट काढून कॉलिनकडे फेकला, आणि साऱ्या वऱ्हाडाला त्याच्या पाठीवरचे ते दोन पंजे दिसले. पठ्ठ्याने कालचाच शर्ट घातला होता, मेंदी आता गडद रंगली होती. दीक्षाने मागे बसून नेमके त्याच पंजांवर हात ठेवले.

मी साडी खोचली. "आई, तू राहू दे, मी ढकलतो," प्रीतम म्हणाला. मी त्याला बाजूला सारलं. या लूनाला ढकलायचा मान माझा आहे, आमच्या घरात तो दुसऱ्या कोणाचा नाही. कॅरिअरला हात लावला आणि या वयात, या गुडघ्यांनी, भर उन्हात धावले. फट् झालं. फट्-फट् झालं. मग एकदम भर्रकन सूर लागला, वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या, आणि मी धावतच होते. पुढच्या महिन्यात ही पोरगी लीड्सला जाणार होती. हे मला साखरपुड्यापासून माहीत होतं, सगळे कागद मीच तर भरले होते. पण कळलं ते मला तिथे, धावताना.

दीक्षा मागे वळली. अगदी दादाची मान, दादाचे डोळे.

"आत्या, सुरू झाली वं! सोड आता!"

मी सोडलं. लूना वळणावरून गेली, आवाज थोडा वेळ येत राहिला आणि मग तोही थांबला. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून लेकरासारखी रडत होते, आणि सगळं वऱ्हाड पाहत होतं. पाहू दे. कॉलिन धावत आला, रोशनचा कोट छातीशी धरून. "मॅम, आर यू ऑल राइट?"

"नो," मी म्हटलं. "आय हॅव गॉन देवळाली."

तो हसला नाही. दाराएवढा तो माणूस खाली वाकला आणि त्याने ळ म्हणायचा पहिल्यांदाच नीट प्रयत्न केला. "देवळाली," तो म्हणाला. "अँड व्हेन विल यू बी बॅक, मॅम?"

"दीक्षा घरी आली की," मी म्हटलं.